नवं तंत्रज्ञान खप वाढवतं की गिऱ्हाईक बदलतं? सोलापूरच्या पेठेतून एक सविस्तर उत्तर

प्रश्न असा आला आहे: "जुळे सोलापुरात आमचं किराणा दुकान आहे. मी एम.कॉम. करते. भाऊ म्हणतो, पुढच्या दहा वर्षांत एआय, दहा मिनिटांत घरपोच माल आणि मोबाइलवरचं कर्ज यांनी गिऱ्हाईक पार बदलून जाईल. वडील म्हणतात, पोटाला लागतं ते लागणारच. नव्या तंत्रज्ञानाने लोकांच्या सवयी आणि एकूण खप खरंच किती बदलतो?"

ताई, वडिलांचं म्हणणं पोत्यातल्या मालाला लागू पडतं आणि भावाचं पुड्यातल्या मालाला. ज्वारी, तूरडाळ, मीठ, गोडंतेल यांचा घरातला खप घरात माणसं किती आणि कमाई किती यावर चालतो, मोबाइल कुठला यावर नाही. हलतो तो बाकीचा माल. आणि आजच्या घरखर्चात तो बाकीचा वाटाच वाढत चालला आहे.

मी बरीच वर्षं साबण-बिस्किटं-शाम्पूची एजन्सी चालवली. आता इथल्या टॉवेल आणि चादरवाल्या कारखानदारांना ऑनलाइन विक्री लावून देतो. दोन्ही कामांतून माझं एक मत पक्कं झालं आहे. गिऱ्हाइकाला एखादी वस्तू हवीशी वाटणं आणि तिचे पैसे मोजले जाणं यांच्यामध्ये पूर्वी बरेच थांबे होते. दुकानापर्यंत जावं लागायचं. खिशात रोकड असावी लागायची. दुकानदाराने उधारीला मान हलवावी लागायची. घरी कुणीतरी "कशाला?" म्हणायचं. प्रत्येक नवं तंत्र यातला एखादा थांबा काढून टाकतं. कोणता थांबा गेला हे नीट पाहिलं, की कोणत्या मालाचा खप वाढणार आणि कुणाचा नफा जाणार हे बऱ्यापैकी सांगता येतं.

गिरण्या चालू होत्या तेव्हा सोलापुरात पगाराचा दिवस म्हणजे बाजाराचा दिवस. विडी वळणाऱ्या बायका आणि यंत्रमागावरचे कामगार यांच्या घरचा हिशेब आजही बराचसा आठवड्याचा असतो. नोकरदाराच्या घरी महिन्याची यादी. यादीत जे नाही ते सहसा घरात येत नसे, कारण पुढची फेरी महिन्याने. आमचा सेल्समन ठरलेल्या वारी ठरलेल्या पेठेत जायचा. मंगळवार पेठ एका दिवशी, साखर पेठ दुसऱ्या दिवशी. दुकानदार आठवड्याचा अंदाज बांधून माल घ्यायचा. सगळी साखळी अशा संथ तालावर बांधलेली होती.

या तालाला पहिला मोठा धक्का इंटरनेटने दिला असं लोक समजतात. मी तो मान शाम्पूच्या पुडीला देतो. प्लॅस्टिक आणि फॉइलच्या पातळ थरांची, उष्णतेने कडा चिकटवलेली पुडी हेही तंत्रज्ञानच होतं. तमिळनाडूतल्या कडलूरहून १९८३ मध्ये सुरू झालेल्या चिक शाम्पूने आणि त्याच्या आगेमागे आलेल्या ब्रँडांनी शाम्पूची बाटली परवडत नसलेल्या घरात शाम्पू नेला. बाटली विकत घेणं हा निर्णय होता. पुडी घ्यायला निर्णय लागत नाही, दोरीला लटकलेल्या माळेतून एक तोडून दिली की झालं. घरात प्रत्येक जण स्वतःची पुडी वेगळी घेऊ लागला, हा त्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल. तोवर साबण घराचा असायचा. पुडीने खरेदी घराकडून माणसाकडे नेली. पुढे मोबाइलने जे केलं त्याची सुरुवात तिथे आहे. रिकाम्या पुड्यांनी गटारं तुंबली, तीही सुरुवात तिथलीच.

पुडीची किंमत एक रुपया, दोन रुपये, पाच रुपये, दहा रुपये. का? कारण नाणी तशी होती. कच्चा माल महागला तरी कंपन्या किंमत हलवायच्या नाहीत, वजन उतरवायच्या. पाच रुपयांचा बिस्किटपुडा वर्षानुवर्षं पाच रुपयांचाच राहिला आणि आतून हलका होत गेला. २२ सप्टेंबर २०२५ ला साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटं यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तेव्हा कंपन्यांपुढे उलटा पेच पडला: पाचचा पुडा आता कितीला? जवळजवळ साडेचार रुपये रोख देणार कोण आणि सुट्टे परत करणार कोण? मोबाइलवरून पैसे येत असतील तर मात्र किंमत कितीही विचित्र असली तरी अडत नाही. नाण्याला बांधलेली किंमत सुटी होते आहे. त्यातून पुड्यांची वजनं, किमती आणि योजना सगळ्याच बदलतील असा माझा अंदाज आहे, आणि ज्यांचं दुकान पाच-दहाच्या पुड्यांवर चालतं त्यांनी इकडे लक्ष ठेवावं.

पैसे देण्याचा थांबा यूपीआयने काढला. ११ एप्रिल २०१६ ला त्याची घोषणा झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात स्वस्त डेटा आला, ८ नोव्हेंबरला नोटाबंदी. तिन्ही गोष्टी एका वर्षात घडल्या नसत्या तर आपल्या पानटपरीवर बोलणारा डबा इतक्या लवकर बसला नसता. ऑगस्ट २०२३ मध्ये महिन्याचे व्यवहार १,००० कोटींच्या वर गेले, ऑगस्ट २०२५ मध्ये २,००० कोटींच्या. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराला कमिशन कापलं जात नाही, म्हणून किराणा दुकानाने ते बिनबोभाट स्वीकारलं. कार्डाच्या मशीनला हेच दुकानदार वर्षानुवर्षं नको म्हणत होते.

सवयीवर परिणाम काय झाला? पूर्वी गिऱ्हाईक खिशातल्या नोटेइतकं घ्यायचं. शंभरची नोट घेऊन आलेलं पोर शंभराच्या आतच राहायचं. आता वरची मर्यादा दिसत नाही. गल्ल्याजवळ ठेवलेला माल, म्हणजे चिप्स, थंड पेयं, चॉकलेटच्या मोठ्या वड्या, यांचा उठाव वाढला. आणि सुट्ट्याच्या बदल्यात हातावर ठेवल्या जाणाऱ्या गोळ्यांच्या बरण्या आमच्याकडे मंदावल्या. तो खप गिऱ्हाइकाने मागितलेला नव्हताच, सुट्ट्यांच्या टंचाईने जन्माला घातलेला होता. कुठल्या तरी तिसऱ्याच अडचणीवर जगणारा असा बराच माल बाजारात असतो. अडचण मिटली की तो माल जातो, आणि कंपनीच्या अधिकाऱ्याला कारण कळायला वर्ष लागतं.

उधारीचं प्रकरण जास्त गंभीर आहे. "ओ मालक, लिहून ठेवा की" म्हणणाऱ्याला वडील कधी लिहून देत असतील, कधी "आधी मागचं मिटवा, मग बघू" म्हणत असतील. त्या नकारामागे माहिती असते. या घरात यंदा लग्न आहे, त्या घरात कर्त्याचं काम सुटलं आहे, अमक्याची दारू वाढली आहे. मोबाइलवरचं कर्ज देणारा यातलं काही जाणत नाही, त्याला वेगळंच दिसतं: खात्यात पैसे केव्हा येतात, मागचे हप्ते केव्हा गेले. तो काही मिनिटांत हो म्हणतो. घरातल्या घरात, कुणालाही न कळता कर्ज मिळणं हाच त्याचा खरा माल आहे. दुकानदाराकडे उधार मागताना जी लाज वाटायची ती खपाला लगाम घालत होती.

यात वाईटच आहे असं मी म्हणणार नाही. सावकाराच्या व्याजापेक्षा नियमांत बसणारं छोटं कर्ज बरं. रिझर्व्ह बँकेने २ सप्टेंबर २०२२ च्या सूचनांमध्ये डिजिटल कर्जासाठी काही थांबे मुद्दाम परत बसवले: सगळे खर्च धरून वार्षिक व्याजदर सांगणारं एक पान आधी द्यायचं, पैसे थेट कर्जदाराच्या खात्यात जायचे, आणि काही काळ दंड न भरता कर्ज परत करायची मुभा. गिऱ्हाइकांनी त्या पानावरचा वार्षिक दर तेवढा वाचावा, एरवीच्या जाहिरातीतला महिन्याचा आकडा सोडून द्यावा.

आता दहा मिनिटांचा माल. तुमच्या गिऱ्हाइकांची पुण्या-मुंबईत राहणारी मुलं रात्री अकराला कोथिंबीर मागवतात, त्यांना विचारून पाहा. ही यंत्रणा जादूने चालत नाही. दोन-तीन किलोमीटरच्या परिघात बिनगिऱ्हाइकाचं एक गोदाम-दुकान, त्यात निवडक काही हजार प्रकारचा माल, आणि कोणत्या वस्तीत कोणत्या तासाला काय उठतं याची नोंद. दाट वस्ती आणि वेळ वाचवायला पैसे मोजणारी माणसं असतील तिथेच हे परवडतं. सोलापूरसारख्या शहरात, जिथे कोपऱ्यावरचं दुकान पोराला पाठवून पाच मिनिटांत माल देतं, तिथे वेग हा मुद्दा तितका धारदार नाही.

धार दुसरीकडे आहे. या सोयीने महिन्याची यादी मोडते. घरातले डबे लहान होतात, कारण साठा करायची गरज उरत नाही. आणि यादी मोडली की नियोजन मोडतं: महिन्यातून एकदा विचार करून घेतलेल्या चाळीस वस्तूंच्या जागी तीस वेळा विचार न करता घेतलेल्या दोन-दोन वस्तू येतात. दर वेळी पडद्यावर आणखी चार वस्तू समोर येतात, आणि त्यांची क्रमवारी बहुतेक वेळा जाहिरातीच्या पैशाने ठरलेली असते. पूर्वी कंपनी आमच्यासारख्या एजन्सीला स्कीम द्यायची, आम्ही दुकानदाराला, आणि दुकानदार "हे घ्या, चांगलं आहे" म्हणायचा. तो पैसा आता पडद्यावरच्या वरच्या रांगेसाठी जातो. वडिलांचा नफा कुठे गेला असं विचाराल तर बराचसा तिथे गेला.

हे नेहमी असं होतं का? होतं. २६ जून १९७४ ला अमेरिकेत ओहायोमधल्या ट्रॉय गावात एका सुपरमार्केटात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा वाचला गेला. हेतू होता रांग लवकर हलवण्याचा. पण काय विकलं गेलं याची नेमकी माहिती त्यामुळे दुकानदारांच्या साखळ्यांच्या हाती आली, आणि मोठ्या कंपन्यांशी सौदा करताना त्यांचं पारडं जड झालं. मोबाइलवरचं दुकान त्याच्या एक पाऊल पुढे आहे: तुम्ही काय पाहिलं, किती वेळ पाहिलं आणि शेवटी काय घेतलं नाही, हेही त्याला ठाऊक असतं. न घेतलेल्या मालाची नोंद ठेवणारा दुकानदार इतिहासात पहिल्यांदाच झाला आहे. आपल्या गल्लीत चाणाक्ष दुकानदाराच्या डोक्यात ती असायची, पण तो गेला की ती त्याच्याबरोबर जायची.

या माहितीतून एक जुनी गोष्ट उलट्या दाराने परत येते आहे, ती म्हणजे माणूस पाहून भाव. बंद पाकिटावर सगळे कर धरून कमाल किंमत छापायची सक्ती १९९० मध्ये आली. त्याआधी भाव माणसागणिक बदलायचा, सुट्या मालात तर आजही बदलतो, पण घासाघीस दोघांच्या समोर चालते. चाटी गल्लीत साडी घेणाऱ्या बाईला ठाऊक असतं की शेजारणीने तीच साडी कितीला घेतली. पडद्यावर मात्र मला दिसलेली सवलत तुम्हाला दिसेलच असं नाही, आणि आपल्याला एकमेकांची किंमत कळायला मार्ग नाही. जानेवारी २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला आणि उबर यांना, मोबाइल कोणत्या प्रकारचा आहे यावरून भाडं वेगळं लावता का, म्हणून नोटिसा पाठवल्या. दोन्ही कंपन्यांनी ते नाकारलं. खरं-खोटं त्या प्रकरणात काहीही निघो, असं करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे आणि बाहेरून पकडणं कठीण, एवढं मी विक्रेत्यांच्या बाजूने काम करून सांगू शकतो. गिऱ्हाइकाला "आपल्याला स्वस्त मिळालं" ही भावना विकणं हा आता स्वतंत्र उद्योग आहे.

आता माझ्या आजच्या कामाबद्दल, कारण सोलापूरचं खरं दुखणं तिथे आहे.

सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव त्या भागातल्याच मालाला लावता येतं. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली सुती चादर घरात कित्येक वर्षं टिकते. आहेरात आलेली चादर मुलांच्या पोरांपर्यंत जाते. कारखानदाराच्या दृष्टीने हा अभिमानाचा विषय. ऑनलाइन बाजाराच्या दृष्टीने हा दोष. तिथे माल वर येतो तो विक्रीच्या वेगावर, ताज्या अभिप्रायांवर आणि परत परत होणाऱ्या खरेदीवर. दहा वर्षं टिकणाऱ्या वस्तूला हे तिन्ही कमी मिळतात. वर्षभरात विरणारी पातळ चादर घेणारा पुढच्या वर्षी परत येतो, मोजणीत तो "चांगला गिऱ्हाईक" ठरतो. टिकाऊपणाला गुण देणारी रांग मी अजून कुठल्या मोठ्या ऑनलाइन दुकानात पाहिलेली नाही.

दुसरं, पडद्यावरून वजन कळत नाही. टॉवेलचा जीव त्याच्या जीएसएममध्ये असतो, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम सूत. आंघोळीचा चांगला टॉवेल साधारण ४०० ते ६०० जीएसएमचा. नव्या पेठेतल्या दुकानात गिऱ्हाईक दोन टॉवेल दोन हातांत धरतं आणि न सांगता त्याला फरक समजतो. मोबाइलवर दोघांचे फोटो सारखेच, आणि आता एआयने बनवलेल्या फोटोत तर पातळ टॉवेलही फुगलेला दिसतो. हाताला जे कळत होतं ते गेलं, उरली किंमत. मग कारखानदार सूत कमी करतो. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. जाड टॉवेल दीडशे रुपयांनी महाग लावून तो पन्नासाव्या जागी बसला तर पगार कुठून काढणार?

त्यात "सोलापुरी" हा शब्द कुणीही लिहितं. शोधणाऱ्याने तो शब्द टाकला की बाहेर कुठेतरी विणलेली, पॉलिस्टर मिसळलेली चादरही त्या नावाखाली वर येते. मानांकनाचा कायदा आहे, पण रोज हजारो नव्या नोंदी होणाऱ्या ठिकाणी तक्रार करत बसायला छोट्या कारखानदाराकडे माणूस नाही. हेच काम यंत्राने सहज होण्यासारखं आहे: मानांकनाचा नोंदणी क्रमांक दिल्याशिवाय तो शब्द नावात वापरू द्यायचा नाही. हे होत नाही यामागे मला तांत्रिक अडचण दिसत नाही, इच्छेची दिसते.

आणि परत येणारा माल. पार्सल आल्यावर पैसे देण्याच्या सोयीने भारतात ऑनलाइन खरेदीवर विश्वास बसवला, हे खरं. पण तिने "मागवून तर बघू" ही सवयही लावली. दार उघडलं नाही, रंग पडद्यावर वेगळा दिसला, नवऱ्याने नको म्हटलं, की पार्सल परत. म्हणजे घरातला "कशाला?" हा थांबा गेला नाही, तो खरेदीच्या आधी होता तो खरेदीच्या नंतर सरकला, आणि त्याचं जाण्या-येण्याचं भाडं विकणाऱ्याच्या माथी आलं. तीनशे रुपयांच्या टॉवेल संचात दोन्ही बाजूंचं भाडं आणि पॅकिंग गेलं की पुढच्या कित्येक विक्रींचा नफा त्यात जातो. मी कारखानदारांना पहिली गोष्ट सांगतो ती ही की नावातच जीएसएम लिहा, आणि एक फोटो तराजूवर ठेवलेल्या टॉवेलचा टाका. विक्री थोडी घटते, परतीचं प्रमाण मात्र उतरतं.

सोलापूरच्याच गणवेशांच्या धंद्यात चित्र वेगळं आहे. तिथे गिऱ्हाईक शाळा असते, रंग ठरलेला, सवय बदलायला जागाच कमी. नवं तंत्र तिथे कापड वाचवायला आणि छोट्या मापांच्या छोट्या ऑर्डरी घ्यायला उपयोगी पडतं. खपावर परिणाम नगण्य.

भावाच्या एआयकडे येतो. पुढचा थांबा जो जाणार आहे तो निवडीचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये यूपीआय चालवणारी एनपीसीआय, ऑनलाइन पैसे स्वीकारण्याची सोय देणारी रेझरपे आणि चॅटजीपीटी बनवणारी ओपनएआय यांनी चॅटजीपीटीच्या गप्पांमधूनच यूपीआयने खरेदी करण्याचा प्रयोग जाहीर केला. "चौघांसाठी थालीपिठाचं सामान मागव" म्हणायचं, बाकी यंत्र बघेल, अशी ही दिशा. साधनाला एका रकमेपर्यंत आधीच परवानगी देऊन ठेवायची, म्हणजे दर वेळी पिन नको. यूपीआयवर हप्ते आपोआप कापण्याची सोय आपल्याला २०२० पासून ओळखीची आहेच, आणि पंधरा हजारांपर्यंतच्या अशा कपातीला आज दर वेळी ओटीपी लागत नाही.

याचा एक जुना प्रयोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेझॉनने २०१५ मध्ये छोटी बटणं काढली. कपडे धुण्याच्या यंत्रावर बटण चिकटवायचं, पावडर संपत आली की दाबायचं, ऑर्डर गेली. जानेवारी २०१९ मध्ये जर्मनीत म्युनिकच्या न्यायालयाने हे ग्राहक कायद्यात बसत नाही म्हटलं, कारण बटण दाबणाऱ्याला त्या क्षणी किंमत आणि वस्तू दिसत नव्हती. त्याच वर्षी कंपनीने बटणं विकणं थांबवलं. आता तेच बटण बोलकं आणि हुशार होऊन येतं आहे, आणि प्रश्नही तोच आहे: माझ्या वतीने निवडणारं यंत्र कुणाच्या पगारावर आहे?

मीठ, साखर, डिटर्जंट अशा एकसारख्या मालात यंत्राने निवड केली तर ब्रँडची पकड सैल होईल असं मला वाटतं. टीव्हीवरच्या गाण्याचा यंत्रावर परिणाम होत नाही, ते दर किलोची किंमत पाहतं. म्हणून कंपन्या त्या यंत्राच्या मालकाला पैसे देऊन "आपोआप" निवडली जाणारी जागा विकत घ्यायला बघतील. गिऱ्हाइकाने एकदा सुरुवातीला जे ठेवलं तेच वर्षभर येत राहणार, त्यामुळे त्या पहिल्या जागेची किंमत प्रचंड असेल. चवीच्या मालात असं होणार नाही. शेंगाची चटणी एका घरची आवडली तर माणूस दहा रुपयांसाठी दुसरी घेत नाही, आणि कडक भाकरी किती कडक हवी याचं मोजमाप कुणी काढलेलं नाही.

सोलापुरात एआय कुठल्या दाराने येईल ते मात्र मला स्पष्ट दिसतं. आवाजाच्या. अशोक चौकाच्या पलीकडे घरात तेलुगू, शेजारी कन्नड, दुकानात मराठी, टीव्हीला हिंदी. यातल्या कित्येक बायका लिहिण्यापेक्षा बोलणं पसंत करतात, आणि दुकानदाराला व्हॉट्सॲपवर यादी बोलून पाठवणं त्यांच्यात रुळलेलंच आहे. "अण्णा, पाव किलो चणाडाळ, आणि ती परवासारखी नको" या वाक्यातलं "परवासारखी नको" यंत्राला कळायला वेळ लागेल, पण पाव किलो चणाडाळ आजच कळते. मराठी-तेलुगू सरमिसळ बोली नीट समजणारी सोय जो आधी देईल त्याच्याकडे ही गिऱ्हाइकं जातील, ॲप कितीही देखणं असलं तरी.

एकूण खपाचा प्रश्न तुम्ही विचारला आहे. स्वस्त आणि सोपं झालं की लोक बचत करतील ही समजूत जुनी आहे, आणि ती खोटी ठरण्याचा इतिहासही जुना. इंग्रज अर्थतज्ज्ञ विल्यम स्टॅन्ली जेव्हन्सने १८६५ मध्ये इंग्लंडच्या कोळशाबद्दल लिहिलं होतं की वाफेची यंत्रं कमी कोळशात जास्त काम करू लागली तेव्हा कोळशाचा वापर घटण्याऐवजी वाढला, कारण यंत्रं सगळीकडे परवडू लागली. डेटाचं आपल्याकडे तेच झालं. मात्र सगळंच वाढतं असं नाही. मोबाइलने गजराचं घड्याळ, कॅलक्युलेटर, टॉर्च, कॅमेऱ्याचा रोल, गाण्यांच्या सीडी गिळल्या. पासपोर्ट फोटोंवर जगणाऱ्या स्टुडिओवाल्यांना हे वेगळं सांगायला नको. वस्तूंची संख्या घटली, पण जी एक उरली ती लवकर लवकर बदलली जाऊ लागली.

आणि हेच तंत्र थांबे परत बसवायलाही वापरता येतं, याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून शेजारच्या कुटुंबांचे गट करून, महिन्याची यादी आगाऊ घेऊन, घाऊक खरेदी करून माल वाटते. जाहिरात नाही, आयत्या वेळचा मोह नाही. तेव्हा हे कागदावर आणि माणसांच्या कष्टावर चालायचं, म्हणून पसरायला मर्यादा होती. आज जुळे सोलापुरातल्या सोसायट्यांचे ग्रुप शेतकऱ्याकडून थेट डाळिंबं आणि ज्वारी मागवतात ते त्याच वाटेवरचं आहे. गोळा झालेली मागणी आधी, माल नंतर. यात वाया काही जात नाही आणि परत येणारं पार्सलही नाही. हे पसरेल का? माझा अनुभव असा की ग्रुपमधली एक-दोन माणसं हिशेब सांभाळतात तोवर चालतं, ती थकली की बंद पडतं. तो हिशेब यंत्राने सांभाळला तर चित्र बदलू शकतं.

सरकारी लगामाबद्दल थोडक्यात. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी ऑनलाइन दुकानांतल्या फसव्या मांडणीचे तेरा प्रकार बंद केले आहेत: खोटी घाई दाखवणं, न मागितलेली वस्तू टोपलीत टाकणं, शेवटच्या पानावर किंमत वाढवणं, वर्गणी सुरू करायला एक बटण आणि बंद करायला दहा, असे. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे, आणि पैसे फसवणुकीने गेले तर १९३०, तोही ताबडतोब.

आता तुमच्या दुकानाचं. भावाला ॲप काढायचं असेल तर आधी त्याला साठ्याची नोंद करायला लावा. शासनाने पुढाकार घेतलेलं ओएनडीसी जाळं २०२२ पासून सुरू आहे, कुठल्याही ॲपवरून कुठलंही दुकान दिसावं ही कल्पना मला पटते. पण दुकानात काय आहे हे दुकानालाच नोंदीत ठाऊक नसेल तर ते ना या जाळ्यात दिसणार, ना कुणाच्या एआयला. बारकोडचा माल सोपा आहे. सुट्या मालासाठी वडिलांचं डोकं वापरा: मालदांडी ज्वारी कुठल्या भागातली, यंदाची की मागची, भाकरीला कशी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला मानांकन आहे. ती खरी आणून, गाव आणि हंगाम लिहून ठेवणारं दुकान मोठ्या गोदामवाल्याला जमणार नाही असं काहीतरी करतं. बोलून आलेल्या याद्यांसाठी दुकानाचा वेगळा नंबर ठेवा आणि नेहमीच्या घरांची मागच्या महिन्याची यादी एक तारखेच्या आधी तुम्हीच पाठवा: "हेच पाठवू का, काही कमी-जास्त?" दहा मिनिटांच्या खेळात उतरू नका. उधारीची वही मोबाइलवर न्या, पण हो किंवा नाही म्हणायचा अधिकार वडिलांकडेच राहू द्या.

हे सगळं करण्याआधी एक काम करा. एका महिन्याच्या विक्रीचे दोन ढीग पाडा. एकात गिऱ्हाईक नाव घेऊन मागतं तो माल, दुसऱ्यात दिसला म्हणून घेतला जातो तो. दुसऱ्या ढिगाचा नफा एकूण नफ्याच्या निम्म्याहून जास्त निघाला तर भावाची घाई बरोबर आहे, कारण पडदा आधी तोच ढीग उचलतो. पहिला ढीग भारी निघाला तर जागा, भांडवल आणि वडिलांचा वेळ सुट्या धान्यावर आणि महिन्याच्या यादीवर लावा. आकडे निघाले की पाठवा, कुठल्या कंपनीचा माल कमी करायचा आणि कुठल्या रांगा रिकाम्या करायच्या ते त्यावर बसून ठरवू.